कंटेनमेंटमधले टेंडन तपासताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

अणुवीज केंद्राच्या कंटेनमेंटमधल्या (अणुभट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या कवचातल्या) टेंडनबद्दल, म्हणजे ते काँक्रीट दाबून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारांच्या जुडीबद्दल, शंका आली की पहिली धाव जॅककडे, म्हणजे टेंडन ओढून बल मोजणाऱ्या साधनाकडे, जाते. टेंडनचे टोक उघडायचे, ग्रीस पुसायचे, जॅक लावायचा, आकडा घ्यायचा. आकडा मर्यादेत आला की टेंडन ठीक. गोंधळ इथेच होतो. त्या टोकाशी आत्ता किती बल आहे, एवढेच जॅक सांगतो. तार आतून गंजली आहे का, अँकर हेडला (तारा अडकवलेल्या टोकाच्या पोलादी ठोकळ्याला) तडा गेला आहे का, पाणी कुठून येते आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय जॅक बसवण्यासाठी जी साफसफाई होते तिच्यात या प्रश्नांची उत्तरेही पुसली जातात.

इथे दिलेली पद्धत ग्रीस भरलेल्या, म्हणजे सिमेंट ग्राउटने न बांधलेल्या टेंडनसाठी आहे. अमेरिकेतल्या पूर्वताणित (टेंडन ताणून काँक्रीट आधीच दाबाखाली ठेवलेल्या) कंटेनमेंटमध्ये बहुतांशी हीच रचना आहे. मर्यादा एएसएमई (यांत्रिक अभियंत्यांची अमेरिकन संस्था) संहितेच्या विभाग ११ मधील आयडब्ल्यूएल या उपविभागाप्रमाणे दिल्या आहेत. आपल्या केंद्राला संहितेची कोणती आवृत्ती लागू आहे ते आधी पाहून घ्या. भारतातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये टेंडन ग्राउट केलेले असतात. तिथे यातला मोठा भाग चालतच नाही, त्याबद्दल शेवटी.

कमकुवत म्हणजे नक्की काय

दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. पहिली, बल उतरणे: काँक्रीट आक्रसते, क्रीपमुळे (सततच्या दाबाखाली हळूहळू दबत गेल्यामुळे) आखूड होते, पोलाद शिथिल होते आणि टेंडनमधली ओढ कमी होते. तारा मात्र धडधाकट असतात. दुसरी, पोलादच खराब होणे: गंज, खड्डे, हायड्रोजनमुळे पडणारे तडे, तुटलेल्या तारा. इथे बल जवळपास पूर्ण असू शकते आणि टेंडन तरीही धोक्यात असतो.

हिशोब करून पाहा. ६.३५ मि.मी. व्यासाच्या ९० समांतर तारांचा टेंडन घ्या. अमेरिकेत हा प्रकार बराच वापरला गेला. पोलादाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,८५० चौरस मि.मी. तारेची किमान तुटण-क्षमता १,६५५ मेगापास्कल धरली तर पूर्ण टेंडनची सुमारे ४,७२० किलोन्यूटन. एक तार तुटली की बल सुमारे १.१ टक्का उतरते, चार तुटल्या की ४.४ टक्के. सर्वसाधारण मर्यादा अपेक्षित बलाच्या ९५ टक्क्यांची आहे. म्हणजे चार तुटलेल्या तारा घेऊनही हा टेंडन बलाच्या परीक्षेत पास होतो, आणि उरलेल्या ८६ तारांना कोणता रोग जडला आहे ते आकड्यावरून समजत नाही.

म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीने नष्ट होणारा पुरावा आधी टिपून ठेवते.

१. अपेक्षित बल आधी लिहून ठेवा

जॅक गोदामातून बाहेर निघण्यापूर्वी नमुन्यातल्या प्रत्येक टेंडनसाठी तपासणीच्या तारखेला अपेक्षित असलेले बल काढून, सही करून फाइलमध्ये ठेवायचे. आकडा हाती आल्यावर काढलेले भाकीत नकळत आकड्याकडे झुकते.

त्यासाठी मूळ ताणणीची नोंद हवी: लॉक केले तेव्हाचे बल, लांबीतली वाढ, तारीख, ताणण्याचा क्रम आणि त्या वेळी किती तारा कामात होत्या. क्रमाला महत्त्व आहे. आधी ताणलेल्या टेंडनचे बल नंतरच्या प्रत्येक टेंडनमुळे थोडे थोडे उतरते, शेवटी ताणलेल्याचे तसे उतरत नाही. त्यामुळे सगळ्या उभ्या टेंडनना एकच अपेक्षित आकडा लावला तर पहिले ताणलेले विनाकारण नापास होतील आणि शेवटचे विनाकारण पास.

इथे तीन चुका नेहमी होतात:

- तारेचे शिथिलन प्रयोगशाळेत २० अंशांच्या आसपास मोजलेले असते. भिंतीतली तार वर्षानुवर्षे ३५–४० अंशांवर राहत असेल तर शिथिलन त्याहून जास्त होते. न्यूयॉर्क राज्यातल्या गिन्ना केंद्रात शिथिलन गृहीत धरल्यापेक्षा जास्त निघाले आणि १९८० मध्ये उभे टेंडन पुन्हा ताणावे लागले.
- कल पाहताना दरवेळच्या तपासणीची सरासरी घेऊन रेषा काढली जाते. सरासरीत विखुरलेपण लपते आणि रेषा फसवी येते. प्रत्येक टेंडनचे स्वतंत्र मोजमाप, वेळ लॉगरिथमिक अक्षावर, असेच घ्या.
- मध्ये कधीतरी पुन्हा ताणलेला टेंडन त्याच रेषेत घातला जातो. त्याचे घड्याळ त्या दिवशी नव्याने सुरू झालेले असते, तो वगळा.

तपासा: प्रत्येक टेंडनसमोर अपेक्षित बल, त्याचे ९५ आणि ९० टक्के, आणि त्या गटासाठी डिझाइनला लागणारे किमान सरासरी बल असे चार आकडे लिहिलेले आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. नमुना निवडा

रचना-चाचणीनंतर (कंटेनमेंट बांधून झाल्यावर आतून दाब देऊन केलेल्या चाचणीनंतर) १, ३ आणि ५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होते. सुरुवातीच्या तीन तपासण्यांत प्रत्येक प्रकारातले, म्हणजे उभे, आडवे वर्तुळाकार आणि घुमटाचे, प्रत्येकी ४ टक्के टेंडन घेतात. किमान ४, कमाल १०. निकाल चांगले असतील तर दहाव्या वर्षापासून २ टक्के. किमान ३, कमाल ५.

निवड यदृच्छ हवी. शिडी लावायला सोपा म्हणून घेतलेला टेंडन नमुन्यात धरता येत नाही. प्रत्येक प्रकारातला एक टेंडन मात्र दर तपासणीला तोच ठेवायचा आणि त्याचा ताण कधीही सोडायचा नाही. त्याच्याइतका सलग इतिहास दुसऱ्या कुठल्याही टेंडनला नसतो.

संशय असलेले टेंडनही पाहायचे असतात: ग्रीस गळणारे, छपराच्या पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातले, गॅलरीत (उभ्या टेंडनच्या खालच्या टोकांपाशी जाण्याच्या बोगद्यात) ओल असलेल्या भिंतीचे. ते जरूर उघडा, पण जादाचे म्हणून. यदृच्छ नमुन्यात मिसळले तर सरासरी बिघडते, आणि त्यांच्या जागी यदृच्छ निवडलेले वगळले तर तपासणीच रद्द ठरू शकते.

३. जॅक आणि मोजमापाची साधने

जॅक, पंप, होज आणि प्रेशर गेज हा एक संच समजा. कॅलिब्रेशन संचाचे असते. मधेच गेज बदलला तर जुना दाखला त्या जॅकला लागू होत नाही. पहिल्या मोजणीआधी आणि शेवटच्या मोजणीनंतर, दोन्ही वेळा कॅलिब्रेशन करायचे. नंतरचे विसरले जाते, कारण तोवर ठेकेदाराचा ट्रक निघालेला असतो.

अचूकतेची मर्यादा टेंडनच्या किमान तुटण-क्षमतेच्या १.५ टक्के आहे. आपल्या ९० तारांच्या टेंडनसाठी ती सुमारे ७१ किलोन्यूटन येते. अपेक्षित बल २,९०० किलोन्यूटन असेल तर ९५ टक्क्यांची रेषा २,७५५ वर, म्हणजे फक्त १४५ किलोन्यूटन खाली. निम्मी जागा तर साधनाच्या चुकीतच गेली. २,७६० आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या.

जवळ ठेवा: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ०.०५ मि.मी. पासूनचे तडा-मापक, बोअरस्कोप (अरुंद जागेत घालून पाहायची दुर्बीण), ग्रीस मोजायला वजनकाटा आणि पिंपे, नमुन्याच्या कोरड्या स्वच्छ बाटल्या, पाण्यासाठी मोजपात्र, पीएच मीटर, आणि धागे न सुटणारी फडकी. क्लोरीनयुक्त द्रावके, आम्ल, वेल्डिंगचे साधन टेंडनच्या आसपासही नको. इतक्या उच्च ताकदीच्या पोलादावर वेल्डिंगची एक ठिणगी किंवा भटका विद्युतप्रवाह तडा सुरू करायला पुरेसा असतो.

४. हात लावण्यापूर्वी बाहेरून पाहणी

झाकण काढण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. बेअरिंग प्लेटच्या (टेंडनचे बल काँक्रीटवर पसरवणाऱ्या पोलादी पाटाच्या) कडेपासून ६०० मि.मी. पर्यंतचे काँक्रीट तपासा. प्लेटलगतचा तडा ०.२५ मि.मी. पेक्षा रुंद असेल तर तो मूल्यांकनाला जातो. गंजाचे ओघळ, पांढरे क्षार, ग्रीसचे डाग कुठून सुरू होतात ते रेखाटनात दाखवा.

झाकणाचा आकार नीट पाहा. अलाबामातल्या फार्ली केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये जानेवारी १९८५ मध्ये ग्रीसचे झाकण आतून दाब बसल्यासारखे विद्रूप झालेले दिसले. उभ्या टेंडनच्या खालच्या टोकाचा अँकर हेड आत तुटलेला होता. शोधल्यावर तुटलेले एकूण तीन हेड सापडले. कारण हायड्रोजनमुळे पडणारे तडे. झाकणांत पाणी साचलेले होते. तिथे पोलाद तुटल्याची पहिली खूण झाकणाने दिली.

सावधान: झाकण फुगलेले, तिरके किंवा ठोक्याच्या खुणा असलेले दिसले तर ते उघडू नका. मागच्या रेषेतली माणसे हटवा, तो भाग बंद करा आणि अभियंत्यांचा निर्णय येईपर्यंत थांबा. अर्धवट सुटलेल्या टेंडनमध्ये साठलेली ऊर्जा माणसाला मारायला पुरून उरते. टेंडनच्या अक्षाच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम झाकण धड असले तरी लागू.

५. झाकण, पाणी, ग्रीस: याच क्रमाने

घाई सर्वांत जास्त इथेच होते, आणि सर्वांत जास्त माहितीही इथेच वाया जाते.

उभ्या टेंडनच्या खालच्या टोकावर ग्रीसच्या संपूर्ण उंचीचा दाब असतो. निचऱ्याचा बोल्ट आधी सैल करा, खाली स्वच्छ भांडे धरा. जे पहिले बाहेर येते ते वेगळे ठेवा. पाणी असेल तर ते बहुधा तळाशीच साचलेले असते. ते मोजा, पीएच घ्या, बाटलीत सीलबंद करा. नंतर ओघळणारे पाणीसुद्धा या मापात धरायचे. फडक्याने पुसून “थोडी ओल होती” असे लिहिणे म्हणजे पुरावा फेकून देणे.

मग ग्रीसचे नमुने, प्रत्येक टेंडनच्या दोन्ही टोकांचे. झाकणाच्या गॅस्केटजवळची घाण नको. तारांना चिकटलेले ग्रीस घ्या. मर्यादा अशा:

- पाणी: वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत
- विद्राव्य क्लोराइड, नायट्रेट आणि सल्फाइड: प्रत्येकी १० पीपीएमपर्यंत
- राखीव अल्कलीपणा: भरताना होता त्याच्या किमान निम्मा, मूळ आकडाच ५ पेक्षा कमी असेल तर शून्याच्या खाली नको

राखीव अल्कलीपणाकडे दुर्लक्ष होते, पण आम्ल तयार झाले तर ते शोषून घेण्याची ग्रीसची उरलेली क्षमता याच आकड्यात दिसते. क्लोराइड मर्यादेत आणि अल्कलीपणा दरवेळी घसरतो आहे, असे असेल तर आत काहीतरी सुरू आहे.

बाहेर आलेल्या प्रत्येक किलो ग्रीसचे वजन करा. हा आकडा दहाव्या पायरीत लागणार आहे.

६. अँकरेज: जॅकपूर्वीची स्थिती

तारांचे ठोकून गोल केलेले डोके, म्हणजे बटनहेड, एकेक मोजा. ९० तारांच्या टेंडनमध्ये ८९ बटनहेड जागेवर असतील आणि मागच्या नोंदीतही ८९ असतील तर ठीक. मागे ९० असतील तर ही नवी घटना आहे. उचललेले बटनहेड, हेडपासून सुटलेली तार, शिमच्या (हेडखाली बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या) फटी, हेडवरचे केसासारखे तडे, यांचे नकाशे करा. हेडवर संशय आला तर चुंबकीय कणांची चाचणी. बऱ्याच कार्यपद्धतींत गंजाला १ ते ५ अशी श्रेणी देतात. श्रेणी देणारा माणूस दोन्ही टोकांना एकच असू द्या, नाहीतर तुलना निरर्थक ठरते.

जॅकने ओढल्यावर सैल तारा हलतात, शिमची बैठक बदलते. त्यामुळे ही मोजणी जॅक लावण्याआधीच व्हायला हवी.

उभ्या टेंडनच्या वरच्या टोकाला अँकर हेडच्या खाली बोअरस्कोप घालून पाहा. मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स केंद्रात १९९७ च्या तपासणीत उभ्या टेंडनच्या तारा गंजलेल्या आणि तुटलेल्या सापडल्या, त्या वरच्या अँकरेजजवळ. तिथे ग्रीस तारांपर्यंत नीट पोहोचलेले नव्हते आणि ओलावा शिरला होता. गरम ग्रीस थंड होताना आक्रसते आणि पोकळी सर्वांत वर राहते. उभ्या टेंडनला रोग लागण्याच्या हमखास जागा दोन: वर पोकळीत आणि खाली साचलेल्या पाण्यात. मधली पन्नास मीटर तार बहुतेक वेळा चकचकीत असते, आणि तीच पाहून लोक निश्चिंत होतात.

७. लिफ्ट-ऑफ

जॅकचा कपलर अँकर हेडच्या आट्यांवर पूर्ण बसवा. किती आटे गुंतले ते मोजून लिहा. मग संथपणे दाब वाढवा. हेड शिमवरून उचलले जाते त्या क्षणाचे बल म्हणजे त्या टोकाचे बल. तो क्षण ओळखण्यासाठी समोरासमोरच्या दोन बाजूंनी ठरावीक जाडीचा फीलर सरकतो का ते पाहतात, किंवा बल आणि हालचालीचा आलेख काढून त्याचा गुडघा शोधतात. दोन्ही केले तर उत्तम.

एकाच बाजूला फीलर सरकला म्हणून आकडा घेतला तर तो कमी येतो, कारण हेड तिरके उचलले गेलेले असते. उलट, हेड पूर्ण सुटल्यावरही पंप चालू राहिला तर आकडा जास्त येतो. तीनदा उचलून, तिन्ही नोंदून, मग सरासरी घ्या. पहिला आकडा बाकी दोघांपेक्षा वेगळा असेल तर शिमला चिकटलेले जुने ग्रीस किंवा गंज कारण असू शकतो. तो आकडा खोडू नका.

वर्तुळाकार टेंडनची दोन्ही टोके मोजा. घर्षणामुळे एका टोकाचे बल दुसऱ्या टोकाबद्दल फारसे बोलत नाही.

सावधान: वेजने (पाचरीने) पकडलेल्या स्ट्रँडच्या (पीळ दिलेल्या तारांच्या दोराच्या) टेंडनला ही पद्धत जशीच्या तशी लागत नाही. तिथे पूर्ण हेड उचलणारी रचना हवी. एकेक स्ट्रँड पकडून ओढली आणि वेज हलला तर पुन्हा बसताना तो स्ट्रँडला नवी जखम करतो.

८. आकडा आला: पुढे काय

ताण सोडण्यापूर्वी, जागेवरच, हा निर्णय झाला पाहिजे.

- ९५ टक्के किंवा जास्त: तो टेंडन बलापुरता पास.
- ९० ते ९५: दोन्ही बाजूंचे शेजारी मोजा. दोघेही ९५ च्या वर असतील तर घट या एकट्यातच आहे. तिन्ही टेंडन अपेक्षित बलापर्यंत आणायचे. शेजारीही खाली असतील तर प्रश्न एका टेंडनचा राहिला नाही.
- ९० च्या खाली: दोष. पूर्ण ताण सोडून कारण शोधायचे.

याशिवाय त्या प्रकारातल्या सगळ्या मोजमापांची सरासरी, कमी आलेली धरून, डिझाइनच्या किमान बलाच्या वर हवी. आणि उताराची रेषा पुढच्या तपासणीच्या आत त्या किमान बलाला छेदत असेल तर आजचे सगळे आकडे पास असूनही मूल्यांकन लागते. हे शेवटचे कलम अहवालांतून सर्वांत जास्त वेळा गळते.

आकड्यांच्या मांडणीवरून कारणाचा अंदाज येतो. एका प्रकारचे सगळेच सारखे खाली असतील तर शिथिलन, क्रीप किंवा मुळातच चुकलेले भाकीत. एकटाच खाली असेल तर तुटलेल्या तारा, अँकरेजमधली सरक किंवा बांधकामाच्या वेळची चुकीची नोंद. एकच टोक खाली असेल तर डक्टमधले (टेंडन ज्या नळीतून जातो तिच्यातले) घर्षण किंवा त्या टोकाची बैठक.

९. ताण सोडणे आणि तार काढणे

प्रत्येक प्रकारातला एक टेंडन पूर्ण सोडून त्यातली एक तार बाहेर काढायची असते. सोडण्याआधी केंद्राच्या चालनमर्यादा त्या वेळी एक टेंडन बाद ठेवू देतात का ते लेखी घ्या.

ताण सोडणे निरुपद्रवी आहे असे समजू नका. फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हर ३ मध्ये २००९ साली वाफ-जनित्रे बदलण्यासाठी भिंतीत दार करताना टेंडन सोडले गेले आणि काँक्रीटची भिंत आतल्या आत थरासारखी सुटली. दुरुस्तीनंतर पुन्हा ताणताना २०११ मध्ये दुसऱ्या भागातही तसेच झाले, आणि २०१३ मध्ये ते केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. भारतातही, कर्नाटकातल्या कैगाच्या पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचा थर मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला होता. वक्र भिंतीत टेंडन आतल्या दिशेने दाबतो आणि त्याच्या बाहेरचे काँक्रीट त्रिज्येच्या दिशेने ओढले जाते. काँक्रीटला नेमकी तीच ओढ सोसत नाही. तपासणीत एक-दोन टेंडन सोडल्याने असे होत नाही. पण दोष सापडला म्हणून ओळीने शेजारचे टेंडन सोडत जायचे असेल, तर क्रम विश्लेषणाने ठरवा, हाताशी येईल तसा नको.

ताण उतरल्यावर प्रत्येक तार एका टोकाने हलवून दुसऱ्या टोकाला हालचाल दिसते का पाहा. न हललेली किंवा सहज बाहेर आलेली तार मध्ये तुटलेली असते. काढायची तार बाहेर येताना तिच्यावर दर काही मीटरला अंतर लिहीत जा, नंतर “हा खड्डा कुठला?” याला उत्तर असले पाहिजे. पूर्ण लांबी डोळ्यांनी पाहा, मग दोन्ही टोकांकडचा, मधला आणि सर्वांत गंजलेला भाग कापून ताणून पाहण्याच्या चाचणीला पाठवा. ताकद १,६५५ मेगापास्कलपेक्षा कमी नको, २५० मि.मी. लांबीवर वाढ ४ टक्क्यांपेक्षा कमी नको. तुटलेल्या तारेचे टोक कापू नका, पुसू नका, दुसऱ्या टोकाला जुळवून पाहू नका. तुटलेल्या टोकाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला की हायड्रोजनचा तडा आणि साधी ओढताण वेगळी ओळखू येते. बोटाने घासला की येत नाही.

एक अडचण इथे मान्यच करायला हवी. ताकदीच्या चाचणीत पास झालेली तारही हायड्रोजनच्या तड्याला बळी पडू शकते, कारण ती चाचणी काही मिनिटांत संपते आणि हा तडा महिनोन्‌महिने वाढतो. म्हणून तारेचा निकाल पाणी, पीएच आणि ग्रीसच्या निकालाशेजारी ठेवून वाचायचा.

१०. पुन्हा ताणणे आणि ग्रीस भरणे

बल अपेक्षित आकड्यापर्यंत तरी आणायचे, पण शाबूत तारांच्या किमान तुटण-क्षमतेच्या ७० टक्क्यांपुढे नाही. ९० तारांना ही मर्यादा सुमारे ३,३०० किलोन्यूटन. ८६ तारांना सुमारे ३,१५५. जुन्या तक्त्यातला ९० तारांचा आकडा वापरून ८६ तारांना ताणणे ही चूक कागदावर दिसतही नाही.

शून्यापासून लॉक करण्याच्या बलापर्यंत साधारण समान अंतराच्या किमान तीन टप्प्यांवर बल आणि लांबीतली वाढ दोन्ही नोंदा. ६० मीटरचा ९० तारांचा टेंडन ३,००० किलोन्यूटनला सुमारे ३१५ मि.मी. लांबतो. मागच्या नोंदीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तार तुटली की सरकली याचे मूल्यांकन करावे लागते. आता हेही बघा: चार तारा तुटल्या असतील तर वाढ फक्त १५ मि.मी. ने जास्त येते, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. हीही चाळणी भोकाचीच. बटनहेडची मोजणी आणि तारा हलवून पाहणे टाळता येत नाही ते यामुळेच.

ग्रीस खालून वर भरा, वरचे तोंड उघडे ठेवून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. तापमान उत्पादकाने दिलेले. थंड झाल्यावर पुन्हा उघडून वरची पातळी पाहा आणि कमी पडलेले भरा. कॅल्व्हर्ट क्लिफ्ससारखी पोकळी याच दिवशी तयार होते. काढलेल्या आणि भरलेल्या ग्रीसमधला फरक डक्टच्या निव्वळ आकारमानाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी पोकळी होती, किंवा ग्रीस काँक्रीटमध्ये कुठेतरी झिरपते आहे. गॅस्केट नवीनच घाला.

ग्राउट केलेले टेंडन

तारापूर ३ आणि ४, कैगा अशा जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या कंटेनमेंटमध्ये टेंडन सिमेंटने काँक्रीटशी बांधलेले आहेत. तिथे लिफ्ट-ऑफ नाही, तार काढणे नाही. अँकरेजवर जॅक लावून आलेला आकडा फक्त टोकाच्या थोड्या लांबीचा असतो. त्यावरून टेंडन ठीक आहे असे लिहू नका.

अशा ठिकाणी टेंडनऐवजी काँक्रीटला विचारावे लागते. बांधताना पुरलेले व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज (काँक्रीट किती आखूड किंवा लांब झाले ते मोजणारे) वर्षानुवर्षे वाचायचे. गळती-चाचणीच्या दाबाखाली व्यास आणि घुमट किती हलतो ते मोजायचे. त्याच दाबाला मागच्या वेळेपेक्षा जास्त हालचाल किंवा नवे तडे म्हणजे पूर्वताण उतरल्याची खूण. फ्रान्समध्ये ग्राउट केलेल्या काही कंटेनमेंटमध्ये चार उभे टेंडन मुद्दाम ग्रीसमध्ये ठेवून त्यांना बल मोजणारी साधने लावली आहेत; उतार किती आहे ते त्यांवरून थेट वाचता येते, गंजाबद्दल मात्र ते गप्प. दाब वाढवत नेल्यावर अशी रचना कुठे, कशी तडकते हे समजण्यासाठी भाभा अणु संशोधन केंद्राने ५४० मेगावॉट अणुभट्टीच्या आतल्या कंटेनमेंटची एक-चतुर्थांश प्रतिकृती तारापूरला उभारली आहे.

गेज वाचताना सर्वांत मोठी चूक तापमानाची. दुपारी उन्हातली भिंत आणि पहाटेची भिंत यांतला फरक वर्षभराच्या क्रीपपेक्षा मोठा असू शकतो. वाचन सूर्योदयापूर्वी घ्या, प्रत्येक गेजसोबत त्याच जागेचे तापमान नोंदा, आणि बंद पडलेल्या गेजची जागा शेजारच्या गेजच्या आकड्याने भरू नका. तक्त्यात रिकामी ठेवा.